वाकवलेला चष्मा

मामा : आता एकदम लेन्स? इतकी वर्षं लेन्सचं नाव काढलं की दुकानातून पळायचीस.

भाची : नाकाचं ऑपरेशन करतेय. नंतर बरेच दिवस नाकावर चष्मा नको म्हणालेत डॉक्टर.

मामा : आलंय कानावर. ताईचा फोन होता. आधी ओरडली, मग रडली. म्हणाली, समजाव तिला, तुझं ऐकते.

भाची : समजाव मग. आई म्हणते, नाकाला काय धाड भरलीय. बाबा म्हणतात, हल्लीच्या पोरींना वेड लागलंय. ऑफिसातल्या दोघींनी केलं म्हणून मी निघाले, असं वाटतं सगळ्यांना.

मामा : तसं नाही?

भाची : धीर त्यांच्यामुळे आला, खोटं कशाला बोलू. पण शाळेपासून प्रत्येक फोटोत मी मान तिरकी करून उभी आहे, मामा. कुणाच्या लक्षात तरी आलं का?

मामा : चष्मा काढ बघू.

भाची : विषय बदलू नकोस.

मामा : दे गं. हा ठेवला काउंटरवर. काय दिसतंय?

भाची : डुगडुगतोय. वाकडा आहे हा.

मामा : तुझा प्रत्येक चष्मा मी वाकवूनच देतो. नाकावरचं एक पॅड आत, दुसरं बाहेर, एक दांडी जराशी वर. तेव्हा कुठे तो तुझ्या तोंडावर सरळ बसतो.

भाची : म्हणजे तुला माहीत होतं?

मामा : झोपाळ्यावरून पडलीस ना, त्यानंतरच्या चष्म्यापासून.

भाची : आणि कधी बोलला नाहीस?

मामा : तुला वाईट वाटेल म्हणून.

(ती रुमाल शोधते. तो चष्मे पुसायचं फडकं पुढे करतो.)

मामा : चुकलंच माझं. बोलायला नको होतं.

भाची : तसं नाही रे. घरातलं कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं, हो, आहे वाकडं. मला वाटायला लागलं होतं, माझंच डोकं फिरलंय.

मामा : मला विचारशील तर हेच नाक आवडतं. हात बसलाय माझा त्यावर. पण आरशात तुला बघायचंय, मला नाही.

भाची : दवाखान्यात घरचं माणूस लागतं सोबत. आई येत नाही म्हणाली.

मामा : रागाने नाही गं, घाबरलीय. भूल उतरलीच नाही तर, हेच घोळतंय तिच्या डोक्यात. त्या दिवशी दुकान बंद ठेवतो. तू डोळे उघडलेस की पहिला फोन तिला.

भाची : ती तुझ्यावर चिडेल.

मामा : धाकटा भाऊ आहे मी तिचा. सवय आहे.

भाची : आणि हा चष्मा?

मामा : राहू दे इथेच. सूज उतरली की ये, सरळ करून देतो.