पास्कल पैलवानाची पाठ

कोपरगावच्या एसटी स्टँडवर रांगेत माझ्यापुढे दोघे म्हातारे उभे होते.

“वस्ताद, तुमचा पास्कल पैलवान फादर झाला म्हनं?”

“व्हय, कालच! बासष्ट साली कुस्ती सोडली, धा वरसं शिकला. मी पुढंच बसल्तो.”

“तालमीत लई घासलं तुमी त्याला. वाईट न्हाई वाटलं?”

“वाटलं की! बिशपसायबापुढं गडी एकदम जमिनीवर आडवा. मी भर चर्चात वरडलो, ‘पास्क्या, पाठ सांभाळ!’”

“आन् मग?”

“मग नीट बघितलं. त्यांची रीतच हाय तशी. पालथा पडल्ता, पाठ वरच!”

“म्हंजी सुटला म्हना!”

“सुटला? उभ्या जिल्ह्यात त्याची पाठ कुनाला टेकवता आली न्हाई. देवानंबी न्हाई टेकवली!”