नाटो नको!

देवळाली कॅम्पात एक होते मी, एक होती माझी पोटुशी लेक सुमी, अन् एक होता तिचा पाहुणा आलेला, जुन्या वळणाचा अमेरिकन सासरा.

टीव्हीवर युरोपच्या फौजा दिसल्या अन् व्याही भडकला. सुमी मला मराठीत सांगू लागली, "आई, ते म्हणतात, नाटो नको. सगळा खर्च आमच्याच डोक्यावर."

मला ऐकू आलं, नातू नको!

"नातू नको?" मी लाटणं उगारलं. "सांग त्याला, सगळा खर्च मी करीन!"

सुमीनं हसत तेवढंच सांगितलं. व्याह्यानं उठून माझा हात गदागदा हलवला. "खर्च उचलणारा दोस्त पहिल्यांदाच भेटला!"

पुढं नातूच झाला. व्याही त्याला लाडानं नाटो म्हणतो, अन् सगळा खर्च एकटाच करतो.