अकरावा फॉर्म

एक्स-रेच्या खोलीबाहेर मी नंबराची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर एक वडील आणि त्यांची कॉलेजातली मुलगी बसली होती. तिच्या गुडघ्यांना अजून मैदानाची माती होती.

"बोट कशानं सुजलं म्हणालीस?"

"बॉल अडवताना. मी गोलकीपर आहे, बाबा."

"तुमच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल कधीपासून?"

"याच वर्षी सुरू झाला. आज शेवटची मॅच होती."

"आणि घरी कुणाला पत्ता नाही. जिंकलात तरी का?"

"दोन गोलांनी हरलो. याच टीमनं पहिल्या मॅचला आम्हाला अकरा घातले होते."

"वर्षभरात एकही जिंकला नाहीत?"

"एकही नाही. पण आता बॉल कुठे येणार ते आधी कळतं."

"ते कसं काय?"

"मारणारीच्या पायाकडे नाही, कमरेकडे बघायचं."

"अस्सं. मग पुढच्या वर्षी टीम राहणार का?"

"अकरा फॉर्म आले तर. दहा आलेत."

"अकरावा कुणाचा अडलाय?"

"माझा. बॅगेतच पडलाय. यापुढे पालकांची सही लागणार आहे."

तेवढ्यात आतून तिला हाक आली. ती बॅग उचलून उठली.

"बॅग राहू दे इथंच. पेन आहे माझ्याकडे."