डावा कळा

नाय नाय, अशी उचलू नका ती औषधाची पेटी, डॉक्टरीणबाई. देवीसमोर ठेवलेली वस्तू — गाऱ्हाणं घातल्याशिवाय, देवीला सांगून विचारल्याशिवाय हलवायची नाय, आमची रीत आहे. घालतो ना, घालतो, माझंच काम ते, भागोजी गुरवाशिवाय कोण घालणार? पण बसा आधी. चपला बाहेर काढल्यात? मग झालं. त्या खांबाशी बसा, तिथे वारा लागतो. तुमची जीप हातखंब्याला गेली ना डिझेल भरायला? मग ती कसली येते लवकर — तिथे भजी तळतात, ड्रायव्हर माणूस वासानेच अडकतो. पाणी पिता? थांबा थांबा, तो तांब्या नको! तो माझा एकट्याचा. हा घ्या, ह्या कळशीतलं घ्या... का म्हणजे? असंच आपलं. म्हातारपणी माणसाला खोडी लागतात.

तर काय विचारत होता तुम्ही? हां, पेटीवाली राही का नको. सगळी वाडी फिरलात, दारोदार विचारलंत, नि सगळ्यांनी एकच सांगितलं — राही नको, नि का नको ते गुरवाला विचारा. बघा, आमची माणसं कशी! स्वतःच्या तोंडाला चिखल नको लागायला, गुरवाच्या लागू दे. आता तुम्ही सरकारतर्फे आलात, मुंबईहून, गावोगावच्या ह्या पेटीवाल्या बायका तपासायला — चार दिवस आरोग्य केंद्रात शिकलेल्या, धड नर्स नव्हे, धड डॉक्टर नव्हे, ह्यांच्या हातून लोकांना गुण येतो की घात होतो, एवढंच बघायचं ना? प्रश्न बरोबर आहे, मी चूक म्हणत नाय. आम्हीपण तोच विचारला. तुम्ही माणसांना विचारता, आम्ही देवीला विचारला. कौल लावला. देवीने डावा दिलान. संपलं.

हसू नका हां. तुमच्या मुंबईत काय करतात मला ठाऊक नाय, इथे कौल म्हणजे कौल. कसं असतं सांगतो — देवीच्या पाषाणाला दोन कळे चिकटवायचे, फुलांच्या ओल्या कळ्या हो, एक उजवीकडे नि एक डावीकडे. मग मी गाऱ्हाणं घालायचं, गावाने ‘होय महाराजा’ म्हणायचं, नि सगळ्यांनी श्वास धरून बघत बसायचं. उजवा आधी पडला तर होय. डावा पडला तर नको. लग्नं ठरतात त्यावर, विहिरी खणतात, भावाभावांचे तंटे मिटतात — कोर्टाची पायरी चढायला नको. माझ्या बापाने लावले, आज्याने लावले. देवी खोटं बोलत नाय. नाय, देवी नाय बोलत खोटं.

राही? राही आमच्यातलीच, रामाची बायको. रामा मुंबईला गिरणीत होता, आता गिरणी बंद पडली तर तिकडेच कुठेतरी ओझी उचलतो म्हणे. ही इथे एकटी. तोंडाने फटकळ हां, फार फटकळ! आमचा महिपत — मानकरी तो गावचा, त्याच्यापुढे बाप्ये मान वर करत नायत — त्याला ही भर विहिरीवर म्हणाली, ‘आजोबा, काठावर गुरं धुता नि मलाच विचारता, वाडीतली पोरं का हगतात?’ आहे का पद्धत? म्हातारा लालबुंद. पण दुसऱ्या दिवशी गुरं वहाळावर नेलीन, तेही खरं.

गुण... आता देवळात बसून खोटं कसं बोलू? गुण होता. गेल्या पावसात हगवण आली तेव्हा ही मीठ-साखरेचं पाणी घेऊन घरोघर बसली, चमच्या-चमच्याने पाजत. माझ्या घरातपण बसली, माझा नातू निपचित पडलेला. तो बघा, आता तिकडे आंब्यावर दगड मारतोय — अरे ए, उतर खाली! — तो तिच्या चमच्यावर उठला. नि एक सांगतो, तिला जमण्यातलं नसलं की ती स्वतःच म्हणायची, ‘हे माझ्या पेटीतलं नाय, उचला नि रत्नागिरीला न्या.’ लोकांनी कुरकुर केली तर स्वतः डोलीला खांदा द्यायची. मला नाय कधी जमलं तसं म्हणायला. अंगारा मागायला आलेल्या माणसाला मी जन्मात म्हटलं नाय, की बाबा, हे माझ्या हातातलं नव्हे.

मग नको का, विचारता? सांगतो की. देवीचा अपमान केलान तिने. महिपतची सून आहे ना, काशी, तिला नवसासायासाने मुलगा झाला. पोर किरकिर करतंय म्हणून ती घेऊन आली इथे, ह्याच जागी. आमच्यात पोर रडायला लागलं की गुरवाकडे आणायचं — चिमटीत अंगारा घ्यायचा, कपाळाला लावायचा, नि उरलेला पोराच्या तोंडावर हळूच फुंकायचा. दृष्ट उडते त्याने. मी पोर मांडीवर घेतलं, चिमूट भरली, ओठ पुढे केले — नि ही कुठून आली कोण जाणे, माझ्या मांडीवरून पोर ओढलंन! भरल्या देवळात! अंगारा सांडला, पोर किंचाळलं, बायका ओरडल्या. महिपत उठला, म्हणाला, ‘राही, का केलंस? कारण सांग.’ नि ही गप. एका शब्दाला चार शब्द देणारी बाई, तेव्हा दातखीळ बसल्यासारखी. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग महिपत म्हणाला, ‘तू सांगत नसशील तर देवी सांगेल. गुरवा, लाव कौल. हिच्या हातात पेटी ठेवायची की नाय?’

का ओढलंन ते मला काय ठाऊक? बायकांच्या डोक्यात काय येईल नि... थांबा. ठसका लागला. सुपारीचा तुकडा... नाय, पाठ चोळायला येऊ नका! लांब बसा. लांब बसा म्हटलं ना! — रागावू नका, डॉक्टरीणबाई, तोंडातून गेलं. आता सवयच लागली तसं बोलायची.

आदल्याच दिवशी परसात मला म्हणाली होती ती, ‘काका, पोरांवर फुंकर नाय मारायची हां, नायतर भर देवळात हात धरीन.’ मी म्हटलं, धर की, बघू तुझी छाती. मस्करी वाटली मला... परसात? परसात कशाला म्हणजे — गोळ्या द्यायला आली होती. गुडघ्याच्या. गुडघे धरतात माझे, देवळाच्या पायऱ्या चढ-उतर करून करून... काय? वरच्या कप्प्यातल्या? त्या गुडघ्याच्या नव्हेत? म्हणजे मी कळशीतलं पाणी काढत होतो तेव्हा तुम्ही पेटीचं झाकण उघडून बघितलंत. नि इतका वेळ माझं ऐकत बसलात, हूं की चूं न करता. बरं. बरं झालं. डॉक्टर तुम्ही, माझा खोकला ऐकूनच कळलं असेल.

क्षय आहे मला. हळू बोला हां, सभामंडपात आवाज घुमतो. खोकला गणपतीपासून होता, मी आपला आल्याचा रस चाटत होतो. राहीने ओळखलंन. डबीत थुंकायला लावलंन नि ती डबी पदराखाली धरून केंद्रावर चालत गेली — कोणाची थुंकी नि कोण नेतंय! कळलं तेव्हा मी तिच्या पाया पडलो. खरोखर पडलो, परसात, केळीखाली. म्हटलं, गावाला कळलं तर माझ्या हातचं तीर्थ कोण घेईल? पूजा घरातून जाईल, नातीला सोयरीक कोण देईल? देवीची शपथ घातली तिला, कोणाला सांगायचं नाय म्हणून. ती म्हणाली, ‘नाय सांगत. पण गोळी माझ्यासमोर गिळायची, तांब्या वेगळा ठेवायचा, नि तान्ही पोरं जवळ घ्यायची नायत.’ मग रोज दुपारी, गाव जेवून आडवा झाला की मागच्या दाराने यायची. गोळी द्यायची नि म्हणायची, ‘जीभ वर करा काका, बघू. लबाडी नाय चालणार.’ लेकीसारखी दटावायची. माझ्या बायकोला वाटायचं, ही ताक मागायला येते.

नि ते पोर... मी हो म्हटलं होतं ना तिला. पण काशी आली, मागून महिपत, सगळे बघतायत — नि मी काय सांगू, की आज फुंकर नाय? कोणी विचारलं असतं, का? म्हणून घेतलं मांडीवर. एकदा फुंकून काय होतंय, असं म्हटलं मनात. त्या आधीपण म्हटलं होतं, दुसऱ्या पोरांच्या वेळी.

आता कळलं ना ती गप का उभी होती? एक शब्द, डॉक्टरीणबाई! एक शब्द बोलली असती तर सुटत होती. शपथ माझी होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसा खाल्लान पोरीने, गावासमोर.

नि कळे... कळे मी लावले. दुसरं कोण लावणार? असं बघू नका माझ्याकडे. उजवा चांगला भिजवून घट्ट दाबला. डावा जेमतेम टेकवला, कोरडाच. गुरवाच्या बोटांना कळतं हो, कुठला आधी सुटणार. माझ्या बापाने मला दोन्ही सारखे कसे भिजवायचे तेच शिकवलं होतं, लहानपणी, ह्याच पाषाणाशी उभं करून. तो असता तर माझी बोटं ठेचलीन असती. पडला डावा. गाव म्हणाला ‘होय महाराजा’. मीपण म्हटलं. राहीने पेटी आणून इथे ठेवलीन, देवीला वाकली, नि उठताना हळूच मला म्हणाली, ‘काका, तुमच्या गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत. चुकवू नका.’

लाज वाटते मला. किती वाटते म्हणून सांगू! जेवायला बसलो की घास तोंडात फिरतो. देवीला आंघोळ घालायला हात पुढे होत नाय, बायकोला सांगतो खांदा दुखतोय. नि तरी आज तुम्ही येणार कळलं तेव्हा पहिलं मनात काय आलं? सुटलो! पेटी जाईल नि माझी भानगडपण तिच्याबरोबर जाईल. गरज सरो नि वैद्य मरो — पण माझी गरज तरी कुठे सरलीय? गोळ्या घेतो का, विचारता? नाय घेत. पेटीला हात लावताना कोणी बघितलं तर, म्हणून त्या दिवसापासून एकपण नाय घेतली. ओरडा, ओरडा तुम्ही. ती ओरडली असती तशाच ओरडा.

तर आता काय लिहाल तुम्ही वर? बाई चांगली आहे, असं लिहा. जपून औषध देते, लिहा. पण माझं नाव घालू नका, एवढं करा. गुरवाला आजार आहे ते नको, कळ्यांचं तर नकोच नको. हात जोडतो तुम्हाला. काहीतरी दुसरं कारण घाला, शिकलेली माणसं तुम्ही, तुम्हाला काय कमी... 

कोण गो? काशी? — महिपतची सून ही, मी म्हटली ती. काय झालं गो? ताप? दूध ओढत नाय? सासऱ्याने पाठवलंन, अंगाऱ्याला. हो, दिसतंय मला, डोळे कसे झालेत पोराचे... डॉक्टरीणबाई, माझ्याकडे बघत राहू नका. तीपण अशीच बघत होती.

आत नको येऊ, काशी! पायरीवरच थांब. पोर माझ्याकडे देऊ नको, मागे घे त्याला, मागे घे. रागावलो नाय गो, तुझ्यावर कशाला रागावू? त्या दिवशी राहीने ह्याला माझ्या मांडीवरून का ओढलंन, ठाऊक आहे तुला? क्षय आहे मला. खोकल्यातून दुसऱ्याला लागतो तो. ऐकलंस? क्षय. तिने माझी शपथ पाळलीन म्हणून गप राहिली. नि डावा कळा देवीने नाय पाडला, मी पाडला. हे पण सांग सासऱ्याला. विहिरीवर सांग, सगळ्यांना सांग, मी कोणाला खोटं पाडणार नाय.

आता उभी काय राहिलीस तोंडाला पदर लावून? ह्या डॉक्टरीणबाई आहेत, मुंबईच्या, पोर त्यांना दाखव आधी. नि मग राहीकडे घेऊन जा, ह्या तर जीप आली की जातील, राही इथेच राहायचीय. डॉक्टरीणबाई, पेटी उचला. तिच्याच घरी न्या. गाऱ्हाणं? नको आता गाऱ्हाणं, माझ्या तोंडचं गाऱ्हाणं देवी ऐकेल कशाला. तशीच उचला. वरच्या कप्प्यातल्या माझ्या गोळ्या तेवढ्या काढून... नाय, राहू दे. तिलाच सांगा घेऊन यायला. दुपारची नको म्हणावं, नि मागच्या दाराने नको. जा आता. जा म्हटलं ना दोघी, पोराला घेऊन बाहेर व्हा. मला खोकायचंय.