कंसातलं आडनाव

हिंगोलीच्या बसस्थानकात शेजारी कुणी टेकलं की सिंधूबाई आधी गाव विचारायच्या आणि लगेच आडनाव. आजही त्या तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारचा म्हातारा नातवाच्या मोबाइलवर वाकला.

"धम्मदीप, हे समदं आपल्या आकांक्षानं लिहिलं?"

"न्हाई आबा. ताईनं एकच लेख लिहिला. लकवा झाल्यावर आजी स्वतःच्याच हाताला 'हा कुणाचा हात' म्हणायची, त्याच्यावर. माणसाचं 'मी' कुठपर्यंत असतं, ते."

"अन् हे बाकीचं?"

"हे जगातले मेंदूचा, मनाचा अभ्यास करणारे. ताईचं वाचून पुढं लिहून राहिले. हा जपानचा, ही बाई नॉर्वेची. ज्याच्या आधारानं लिहिलं, त्याचं नाव द्यावंच लागतं."

"कुठंय तिचं नाव?"

"हे काय, कंसात. पाईकराव."

"नुसतं आडनाव?"

"व्हय. तशीच रीत हाय तिकडं."

म्हातारा त्या कंसाकडं बघत म्हणाला,

"शिकायला गेली तवा शहरात खोली मिळंना तिला. आडनाव सांगितलं की म्हणायचे, आत्ताच भरली."

"ठाऊक हाय, आबा."

"मंग हे लोक आडनाव वाचून काय करतात?"

"पुढचं वाचतात."

म्हाताऱ्यानं त्या अक्षरांना हात लावला, तसं पान सरकलं. तिथंही कंसात पाईकराव.

"लेकरा," सिंधूबाई म्हणाल्या, "पुढचं मोठ्यानं वाच की. मलाबी ऐकू दे."