बंदूक म्हणते टक्

...नाही, तुम्हीच सांगा, बंदुकीनं काय करायचं असतं? उडायचं असतं! तिला दुसरं काम काय हो? तिला काय गाईचं दूध काढायचंय, का अंगणातला बर्फ उपसायचाय? चाप ओढला की धडाम्, एवढं एकच काम जन्माला आल्यापासून, आणि तेसुद्धा... थांबा, ही पळी इथं टेकवून ठेवतो, हे सांगायला दोन्ही हात लागतात... हं. तर मूस समोर उभा. साठ पावलांवर. हरणाचीच जात, पण माझ्या गाडीपेक्षा उंच. मी नेम धरलाय, श्वास रोखलाय, चाप ओढलाय, आणि आवाज काय? टक्. बस्स, टक्! अहो, आमच्या बायकोच्या, हेल्मीच्या, विणकामाच्या सुया याहून मोठ्यानं वाजतात!

बसा, बसा, वाडगे घेऊन आत्तापासून रांग लावू नका, बटाटा अजून कच्चा आहे. तुम्हाला काय, तुम्ही जमीनवाले! वर्षभर तुमच्या रानात आमचं शिकार मंडळ हिंडतं, आणि वर्षातून एकदा, जानेवारीतल्या या शनिवारी, या शाळेच्या हॉलमध्ये तुम्हाला मुसाच्या मटणाचा रस्सा. पोटभर. रस्सा चुकला की रान गेलं, नदीपलीकडचं मंडळ केव्हाचं टपून बसलंय तुमच्या दारात, मला काय माहीत नाही होय? आणि आमची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, हंगामाचे आधीचे मूस आम्ही वाटून घेतो, शेवटचा अख्खा तुमचा, रश्श्याचा. आणि दुसरी पद्धत, ती कुणी बोलत नाही पण मी बोलतो, की ज्यानं आयुष्यात एकही मूस पाडला नाही त्यानं रस्सा रांधायचा. अकरा वर्षं! अकरा वर्षं हा एप्रन माझ्या गळ्यात आहे! माझ्यामागून मंडळात आलेले मूस पाडून मोकळे झाले, रायलीबाई सहासष्ट वर्षांच्या, त्यांनी दोन पाडले, आणि मी आपला दर जानेवारीला चार पोती बटाटे सोलतोय. गावात मला कालेर्वो कोण म्हणतं? बटाटा म्हणतात, बटाटा! तोंडावर नाही हं. तोंडावर इथं कुणी काहीच म्हणत नाही, तीच तर सगळी गोची आहे!

मी पूर्वेकडचा, कारेलियाचा. आमच्याकडे माणूस झोपेतसुद्धा बोलतो. लग्न होऊन इथं उत्तरेत आलो आणि पडलो गाठीला कुणाच्या? तौनोंच्या! आमचे सासरे, मंडळाचे प्रमुख, दिवसाला तीन शब्दांचा माणूस. हेल्मीला मागणी घालायला गेलो तेव्हा मी पाऊण तास बोललो, घर, नोकरी, आईचे गुडघे, सगळं सांगितलं, आणि ते शेवटी श्वास आत ओढत नुसतं म्हणाले, "ह्हो." मला वाटलं दम लागला यांना! मी पाणी आणायला धावलो! अहो, तो होकार होता!

...काय सिल्वीआजी? हात कशाला वर केलात? वाढतो, वाढतो, पहिला वाडगा तुमचाच, सगळ्यांत मोठं रान तुमचं, मी विसरलोय का? पण आधी ऐका.

तर या वर्षी ठरवलं. म्हटलं, बस्स झालं, उधारीच्या बंदुका बस्स झाल्या, आपली स्वतःची घ्यायची. निवृत्त पोस्टमन ओन्नी, त्याच्याकडची. जुनी, पण काय देखणी! अक्रोडाचं लाकूड, हात फिरवला की मांजरीच्या पाठीवर फिरवल्यासारखं. ओन्नी म्हणाला, "एकोणीस मूस पाडलेत हिनं. हिला सगळं येतं. तू फक्त मागं उभा राहा." ऑक्टोबरात नेमबाजीची परीक्षा दिली, चार गोळ्या, चारही पठ्ठ्यानं मधोमध! सासरेबुवा शेजारी उभे होते. त्यांनी लक्ष्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि एक भुवई वर केली. हेल्मीला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली, "बाबांनी भुवई? माझ्या पदवीलाही नव्हती केली!"

मग काय, मी त्या बंदुकीला पोटच्या पोरीसारखं जपायला लागलो. दिवसभर बर्फात काढल्यावर बिचारीला बाहेर गारठ्यात कसं ठेवायचं? रोज संध्याकाळी आमचा सौना तापला, की मी आत वाफ घ्यायला आणि ती बाहेरच्या उबदार खोलीत बाकावर, माझ्या टॉवेलशेजारी. मग मी अंग पुसायचो, तिचं अंग पुसायचो, आणि ते दाट तेल, चांगलं बोट बुडवून, आत, बाहेर, कानाकोपऱ्यात! कुणी म्हणू नये, कालेर्वो निष्काळजी आहे. मग कपाटात कुलूपबंद. हेल्मी एकदा म्हणाली, "माझ्या पाठीला एवढं तेल कधी लावलंस?"

आणि डिसेंबर आला. उणे अठरा. पहिलाच मूस पुढ्यात, आणि आवाज काय? टक्!

घरी आलो. सौनाशेजारी ऊब दिली, मागच्या खडीच्या खाणीत नेली, चाप ओढला... धडाम्! अरे! पुन्हा... धडाम्! म्हटलं, काडतूस खराब असणार ते. नवीन पेटी आणली. दुसऱ्या रविवारी रानात दोन तास उभा, पुन्हा टक्. घरी आणली, धडाम्! म्हणजे ही बया घरात वाघीण आणि रानात मुकी! मी ओन्नीकडे गेलो. तो म्हणतो, "स्प्रिंग असेल." बदलली. टक्! लोहाराचं काम करणारा एकजण म्हणाला, "काडतुसावर आपटते ती पिन झिजली असेल." नवी बसवली. टक्! काडतुसाच्या बुडावर बघावं तर नुसता ओरखडा, माशी बसून गेल्यासारखा. स्वयंपाकघराच्या टेबलावर ती सगळी सुटी करून मी बसायचो, हेल्मी ताट ठेवायला जागा शोधायची, आणि मी पुन्हा तेल, पुन्हा ऊब, अजून थोडं तेल, अजून थोडी ऊब...

आजी, हात खाली घ्या हो, दुखेल! कुणीतरी पाव द्या आजींना, लोणी लावून.

आणि महिनाभर मी हे सगळं सासरेबुवांना सांगत होतो! गाडीत सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, बर्फाला भोक पाडून मासे धरत बसले होते तिथं जाऊन बसून सांगितलं, मासे पळून गेले पण मी सांगत राहिलो. ते अधूनमधून तोंड उघडायचे. मला वाटायचं, जांभई येतेय. म्हातारा माणूस, दमत असेल.

आला शेवटचा दिवस. हंगामाचा शेवटचा, परवाना उरलेला एकाच जनावराचा, रश्श्याला मटण नाही, आणि थंडी उणे सत्तावीस. सकाळी उभं राहायच्या जागांच्या चिठ्ठ्या निघाल्या. अकरा वर्षं मला निघते ती हमरस्त्याची जागा, जिथून फक्त लाकडाचे ट्रक जातात. चिठ्ठी उघडली... सात नंबर! मोठ्या दगडाची जागा, आजी, तुमच्याच रानातली! तिथून मूस जात नाही असं होतच नाही! सगळे गप्प झाले. म्हणजे होतेच गप्प, पण जास्त गप्प झाले. सासरेबुवांना आठ नंबर, माझ्या पलीकडे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात! मनात म्हटलं, देवा, आज धडाम् होऊ दे, पुढचं आयुष्य मी पानकोबीवरसुद्धा काढीन.

बंदूक मी घोंगडीत गुंडाळून आणली होती, गाडीत हीटर पूर्ण चालू. कुठं काही कमी ठेवलं नव्हतं. दोन तास उभा राहिलो, मिशीला बर्फ लोंबायला लागला, आणि वायरलेसवर रायलीबाईंचा आवाज, त्या आपल्या हाल्ला कुत्रीला घेऊन रानात शिरल्या होत्या, "हाल्ला भुंकतेय. कालेर्वो, तुझ्याकडे येतोय." आणि फांद्या हलल्या, आणि तो आला. शिंगं गळलेली, तरी राजा! साठ पावलांवर आडवा उभा राहिला, अगदी चित्र काढायला बसल्यासारखा. मी चाप ओढला.

टक्.

आता नियम काय आहे? टक् झालं, तर हलायचं नाही. काडतूस उशिरा उडू शकतं, म्हणून नळी समोर धरून तीस मोजायचे. मी मोजतोय, एक, दोन, तीन... मूस माझ्याकडे बघतोय. बारा, तेरा... त्यानं सालीचा तुकडा तोडला. एकोणतीस, तीस! नवीन काडतूस, नेम, टक्! पुन्हा एक, दोन... अहो, तो चघळत उभा! तिसरं काडतूस, टक्! मला रडू आलं. खरं सांगतो, चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या मी, त्या बर्फात उभा राहून मोजताना रडत होतो, आणि पापण्या चिकटायला लागल्या. शेवटी काय केलं, बोल्टच, ती पिन ज्यात बसते तो लोखंडी दांडा, उपसून काढला बंदुकीतून, कोट उघडला, सदरा उघडला आणि ते गोठलेलं लोखंड काखेत धरलं! उणे सत्तावीस! काखेत! ओरडायचं नाही, मूस पळेल! मी दात ओठ खात, एका पायावर, गोल गोल... आणि मूस, त्यानं बहुधा आयुष्यात असं काही बघितलं नसावं, तो मान वळवून बघत बघत, सावकाश, आठ नंबरकडे चालायला लागला.

आणि आठ नंबरवरून... धडाम्!

वायरलेसवर एकच शब्द, "पडला." मी तिथंच दगडावर बसलो, काखेत बोल्ट धरून. तुमचा रस्सा आला होता. माझा एप्रन काही सुटला नव्हता.

नंतर शेकोटीपाशी सगळे कॉफी घेत होते. सासरेबुवांनी हात पुढे केला. बोल्ट मागितला. वास घेतला, उजेडात धरून आत डोकावले, आत त्या तेलात पांढरं भुरभुरीत काहीतरी... आणि म्हणाले, "कुठं ठेवतोस?" मी सांगितलं. सौना, बाक, टॉवेल, बोट बुडवून तेल, घोंगडी, हीटर, सगळं. नऊ माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. रायलीबाईंनी कुत्रीचे कान झाकले! आणि सासरेबुवा बोलायला लागले. "गारठलेली बंदूक उबेत नेली की तिला घाम फुटतो. घाम आतल्या तेलात बसतो. सकाळी रानात गोठतो. पिन हलत नाही. बंदूक पडवीत ठेवतात. थंड. कोरडी. तेल पुसून." अहो, मी मोजत होतो! आमच्या लग्नातसुद्धा एवढे शब्द नव्हते! ओन्नीला माहीत होतं, रायलीबाईंना माहीत होतं, हाल्लालासुद्धा माहीत असणार! मी म्हटलं, "बाबा, अहो मग सांगायचं ना! महिनाभर मी तुमच्यासमोर घसा फोडतोय!" तर म्हणतात कसे, "वाट बघत होतो. तू श्वास घेशील म्हणून."

तुम्ही सांगा, ही काय पद्धत झाली? माणसाला मध्येच तोडून बोलता येत नाही? चूक दिसतेय, समोर दिसतेय, ढळढळीत दिसतेय, आणि नुसतं तोंड उघडायचं आणि मिटायचं! अरे ओरडा! बाही ओढा! हात वर...

...सिल्वीआजी.

तुम्ही मघापासून हात... काय म्हणायचं होतं तुम्हाला? बोला ना. घेतला, हा बघा, श्वास घेतला. बोला.

काय लागलंय? खाली? कधीपासून? दुसऱ्यांदा हात वर केला तेव्हापासून?! अहो आजी, मग सांगायचं... नाही. नाही, काही नाही. बंद करा, गॅस बंद करा कुणीतरी! द्या ती पळी, तळ बघतो... ऐकलंत?

टक्.

कोळसा झालाय खाली. दगड नुसता. एका जनावराचं मटण, चार पोती बटाटे, शंभर वाडगे, आणि बाबा, तुम्ही केव्हापासून उभे आहात दारात? सुरुवातीपासून. बरं. ...थांबा, ढवळत नाही, वरवरचं काढतो, वरचं चांगलं असेल. हा घ्या आजी. पहिला वाडगा. धुराचा जरा वास येईल, शेकोटीवर केलाय असं समजा. मी काही बोलत नाही. रान तुमचं. खा आणि काय ते सांगा.

...

...खाताहेत. दुसरा चमचा. ...आजी, एखादा शब्द तरी...

"ह्हो"? श्वास आत ओढून "ह्हो"? बाबा, ऐकलंत? ऐकलं का सगळ्यांनी? राहिलं! रान राहिलं! आणा, आणा वाडगे, आणि पुढच्या वर्षी बघाच तुम्ही, ती बंदूक पडवीत, थंड, कोरडी, आणि हा एप्रन मी इथं, या क्षणी काढून... काय बाबा? काय दाखवताय? हां. तळ घासायचाय.

घासतो. रान राहिलं. एप्रनही राहिला.