सातवा पेला

...आणि वर मला म्हणते कशी, "काका, तुम्ही जरा हळू पडाल का?"

हळू! अहो, माणूस हळू चालतो, हळू बोलतो, दात गेले की हळू जेवतो, पण हळू पडतो? हळू पडण्याला पडणं म्हणत नाहीत हो, आडवं होणं म्हणतात! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं पडलोय मी, एकाच नाटकात, एकाच दारापुढे, आणि ही कालची पोर... डायरेक्टर हो, टीव्हीची... स्वभावाने गोड, उगाच कशाला खोटं बोलू, खुर्चीसुद्धा मला स्वतः आणून दिली. पण हळू पडा म्हणाली! का, तर म्हणे तुम्ही कॅमेऱ्याला सापडत नाही. अहो, मग कॅमेऱ्याला सांगा की बाबा, जरा लवकर बघ!

थांबा, आधी नाटक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा कशावरून एवढा तापलाय. नाटक म्हणजे आमचा फार्स. एक घर, तीन दारं, दोन बायका, एक खोटा डॉक्टर आणि एक नोकर. नोकर म्हणजे मी. दुसऱ्या अंकात मालक आतल्या खोलीत बायकोशी भांडतोय, आणि मी बाहेर, हातात ट्रे, ट्रेमध्ये सात स्टीलचे पेले, दाराला कान लावून उभा. कान पुरेना म्हणून गाल लावतो, गाल पुरेना म्हणून अख्खा चिकटतो... आणि थाडकन दार माझ्याच अंगावर उघडतं! मी मागे, मागे, मागे, पेले सावरत तीन पावलं, आणि धडाम! सहा पेले जागच्या जागी खणखणतात. सातवा मात्र चालायला लागतो.

आता पेला असतो निमुळता, बरोबर? तो कधी सरळ घरंगळत नाही, वळतो. घरी जाऊन करून बघा. तर हा सातवा पेला निघायचा तो थेट प्रेक्षकांच्या दिशेने, गर्रर्र... पुढची रांग पाय वर घ्यायची, आता पडतो, आता पडतो... आणि अगदी कडेला जाऊन पठ्ठ्या वळायचा! अर्ध्या रंगमंचाला वळसा घालून परत यायचा, आणि माझ्या टाळक्यावर, टक्क! अकरा सेकंद लागायचे. त्या अकरा सेकंदांत मी काय करायचो? काही नाही. पडून राहायचो. आमच्या कंपनीच्या मालकांनी पहिल्या तालमीत सांगितलं होतं, "लक्षात ठेव, हशा खाली यायला लागला की उठायचं. आधी उठलास तर हशा मेला, उशिरा उठलास तर तू मेलास." झालं! एकतीस वर्षं माझं उठणं प्रेक्षकांच्या हातात. काय ते हशे होते हो! एक बाई पदर तोंडात कोंबून हसायच्या, त्यांना बघून शेजारची हसायची, तिला बघून तिचा नवरा, आणि मागे एखादा असा असायचा ज्याला सगळ्यांच्या नंतर कळायचं, तो एकटाच "हॅ!" करायचा आणि मग त्याच्यावर अख्खं थिएटर पुन्हा हसायचं. तो एक उशिरा कळणारा माणूस प्रत्येक प्रयोगाला कुठून यायचा, देव जाणे. फार आठवण येते मला त्याची.

पण हे सगळं ज्याच्या जिवावर, तो दाराआड. आमचा कडी. म्हणजे नाटकातला मालक. दार उघडायचं काम त्याचं, म्हणून सगळी कंपनी त्याला कडी म्हणायची, त्याच्या घरचेसुद्धा. तुम्हाला वाटेल, दार उघडण्यात काय एवढं? अहो, तेच तर सगळं! कडी कधी मोजायचा नाही. दाराला आतून हात लावून प्रेक्षकांचा कानोसा घ्यायचा. खोकला थांबला, खुर्ची करकरायची थांबली, सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला... की थाडकन! मला स्वतःला कधी कळलं नाही हो दार केव्हा उघडणार ते. म्हणून मी खरा पडायचो. आणि मी पडलो की हा उंबऱ्यात उभा. त्याच्याकडे बघतंय कोण? सगळे डोळे माझ्यावर. आणि तो बिचारा रागीट चेहरा करून आतून गाल चावत उभा, कारण मालकाने हसायचं नसतं. एकतीस वर्षं गाल चावला त्याने! प्रयोग संपला की मला म्हणायचा, "एकदा तरी मला हे समोरून बघायचंय रे. दारातून मला तुझे तळवे दिसतात नुसते."

मी म्हणायचो, "बघशील रे, घाई काय आहे?"

घाई काय आहे! नाटक बंद पडलं. कंपनीचे मालक वारले. कडीला झटका आला, डावी बाजू गेली, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. मी दर दोन दिवसांनी जातो त्याच्याकडे. हा आपला खुर्चीत, समोर टीव्ही, आणि चेहरा असा की समोर टीव्ही असला काय नि भिंत असली काय. त्याची सूनबाई एकदा दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "काका, बाबा आठ महिन्यांत एकदाही हसले नाहीत हो."

आणि त्याच आठवड्यात टीव्हीवाल्यांचा फोन! जुने फार्स घेऊन कार्यक्रम करतायत, तुमचं ते पडणं पाहिजे. तुम्हाला सांगतो, गुडघे माझे हे असे, बायको म्हणाली, "या वयात हाडं मोडून घ्यायची हौस आली का?" पण मी हो म्हणून मोकळा झालो. म्हटलं, कडी थिएटरात येऊ शकत नाही ना, मग थिएटर कडीच्या खुर्चीपुढे नेऊ. समोरून बघायचंय ना त्याला? घे, बघ!

गेलो. स्टुडिओ केवढा, विचारू नका. आणि जमिनीवर काय? गालिचा! मी म्हटलं, "हे काय?" आवाजवाला म्हणाला, "पेल्यांचा फार आवाज होतो, आजोबा." अहो, होणारच! आवाज करतात म्हणून तर पेले, नाहीतर उशा घेतल्या असत्या! "आवाज नंतर टाकू," म्हणाला. बरं. गालिच्यावर सातवा पेला ठेवून बघितला, तो जागचा हलेना. डायरेक्टरबाई धावत आल्या, "काका, पेला आपण नंतर वेगळा घेऊ." मी म्हटलं, "आणि लोक कुठे आहेत?" तर म्हणाली, "कुठले लोक?"

कुठले लोक! "अगं बाई, हसणारे!"

"हसणं पण नंतर टाकू ना, काका."

मग सुरू झालं. आधी माझा कान घेतला. मग गाल. मग दाराचा खटका. मग बुटाचा तळ. मग माझा घाबरलेला चेहरा, तो तर मी स्टुलावर बसून केला! आवाज नंतर, पेला नंतर, हसणं नंतर, पडणं तुकड्या-तुकड्याने... आता तुम्हीच सांगा, यात हसायचं कधी?

आणि दार उघडायला कोण? मालिकेतला हिरो. देखणा, खांदे हे एवढे, दाराआडून मोजतोय, "तीन... दोन... एक..." अहो, मला ऐकू येतंय ना! दोन म्हटलं की माझे गुडघे आपोआप तयार होतात. पडणार हे ठाऊक असलेला माणूस पडला तर त्यात कसली गंमत? मी त्याला म्हटलं, "राजा, मोजू नकोस, श्वास ऐक." तो म्हणाला, "कुणाचा, सर?" आता याला काय सांगणार? श्वास घेणारे तर नंतर टाकणार होते!

शेवटी मी हट्टाला पेटलो. म्हटलं, एकदा, फक्त एकदा, गालिचा काढा, कॅमेरा लांब ठेवा, आणि मला सलग पडू द्या. बाईंचं मन मोठं, "काकांच्या समाधानासाठी एक घेऊ," म्हणाल्या. सगळे गप्प झाले. हिरोने मनातल्या मनात मोजलं असावं. दार उघडलं, आणि तुम्हाला सांगतो, मी पडलो! गुडघे, वय, बायको, सगळं विसरून पडलो. सहा पेले खणखणले, सातवा निघाला, गर्रर्र... आणि मी पडून राहिलो.

हशा येईना.

शूटिंग चालू असताना कोण हसणार हो? हसला तर आवाज खराब! "कट" म्हणाल्या बाई. मी ऐकलंसुद्धा. पण हशा आलाच नाही, तर तो खाली कसा येणार, आणि तो खाली आल्याशिवाय मी उठू कसा? एकतीस वर्षांचं वळण आहे, अंग ऐकेचना! डोळे मिटून पडलोय, आणि खरं सांगू? त्या शांततेत मला वाटलं, आता उंबऱ्यात कडी उभा असेल, गाल चावत. तेवढ्यात पळापळ! "काका! काका उठत नाहीत!" "अरे, डॉक्टरला फोन करा!" "नाडी बघा!" "नाडी कुठे असते?" "पाणी, पाणी!" एकाने माझी बटणं उघडली, मेकअपवाल्याने अख्खी बाटली तोंडावर ओतली, हिरो तर रडकुंडीला, "मी जोरात नाही उघडलं हो, आईशप्पथ!" आणि त्या एवढ्या मोठ्या स्टुडिओला वळसा घालून, सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत सातवा पेला आला आणि माझ्या टाळक्यावर, टक्क!

तेव्हा कुठे डोळा उघडून मी विचारलं, "का हो, कुणीच हसलं नाही का?"

असो. कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी मी आणि आमची ही कडीकडे. सूनबाईने त्याला नवा सदरा घातला होता, उशी लावून नीट बसवलं होतं. मी त्याच्या शेजारी. म्हटलं, "कडी, आज तू समोरच्या रांगेत हं!" त्याने मान हलवली.

आणि आला आमचा प्रवेश. कान दिसला. गाल दिसला. आणि हशा! अहो, अजून दारच उघडलं नव्हतं आणि हे डब्यातले लोक हसून मोकळे! मग दार, मग बूट, मग हिरोचा चेहरा, मग पुन्हा हिरोचा चेहरा, मग मी आडवा. पेला? एक पेला, टेबलावर, स्वच्छ पुसलेला. संपलं! दोन सेकंद! तुम्हीच सांगा, हसायचं कधी? मी कडीकडे बघितलं. चेहरा तसाच, भिंतीसारखा. कसेबसे ओठ हलवून म्हणाला, "दार... उशिरा."

तेवढंच. आणि बरोबर होतं त्याचं! मी मान खाली घातली. एकतीस वर्षांत एक गोष्ट मागितली होती त्याने माझ्याकडे. आमची ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चला आता." मी उठलो...

आणि टीव्हीवर नावं धावायला लागली. बाजूला एक छोटी चौकट, म्हणे शूटिंगच्या गमतीजमती. त्यात काय? मी! सलग! लांबून! धडाम, सहा पेले, सातवा निघाला, आणि मी पडून राहिलेलो, आणि "नाडी कुठे असते?" आणि बाटली आणि रडणारा हिरो... त्या खोलीत, त्या घरात, अख्ख्या जगात एकच माणूस होता हो, ज्याला ठाऊक होतं की हा गाढव हशाची वाट बघत पडलाय!

पेला टक्क वाजला आणि कडीचे खांदे हलले. उजव्या बाजूने तोंड उघडलं, डोळ्यांत पाणी, लाळ गळतेय, घशातून असा आवाज की सूनबाई ओरडलीच, "बाबांना पुन्हा झटका आला!" आणि फोनकडे धावली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "थांब गं, झटका नाही. हसतोय तो. एकतीस वर्षांचं साठलंय, वेळ लागेल." आणि मग आम्ही दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून जे हसलो, जे हसलो... मी थोडा रडलोही, लपवत नाही.

आता लोक विचारतात, फार्स टीव्हीवर चालतो का? काय सांगू? दुसऱ्याच दिवशी त्या बाईंचा फोन. "काका, लोकांना तुम्ही फार आवडलात! पुढच्या भागातही या. या वेळी पडायचं नाही हं, पडायला आम्ही तरुण मुलगा घेतलाय. तुम्ही फक्त पडून राहायचं."

घ्या! एकतीस वर्षं पडण्याची कला कमावली आणि मागणी आली ती पडून राहण्याला! रागारागाने फोन ठेवला आणि आमच्या हिला सांगायला गेलो. तिने ऐकून घेतलं, हातातलं कामही थांबवलं नाही, म्हणाली,

"मग जा की. घरी तरी दुसरं काय करता?"